सीओ मॅडमनी विचारलं, आणि मी ‘सब ठीक है’ म्हणालो

पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

सातारा जिल्ह्यातले एक सुभेदार लिहितात. नोकरीची २४ वर्षं झाली, सध्या उत्तरेच्या सरहद्दीजवळ एका टेक्निकल युनिटमध्ये आहेत. आठ महिन्यांपूर्वी युनिटची कमांड एका महिला कर्नलनी घेतली, म्हणजे त्या युनिटच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) झाल्या. कामात खोट नाही. गाड्या वेळेत दुरुस्त होतात, इन्स्पेक्शनही चांगलं गेलं. तरी लंगरमध्ये (जवानांच्या भोजनगृहात) आणि बॅरेकमध्ये कुजबुज चालूच असते. मॅडम रात्री दोन वाजता गार्ड चेक करायला येतात, तेव्हा जवान म्हणतात, ‘स्वतःला सिद्ध करायचंय म्हणून आम्हाला रगडतात.’ एका हवालदाराची सुट्टी त्यांनी पुढे ढकलली, तर ‘बाई असून दयामाया नाही.’ एका शिपायाची बायको बाळंतपणात अडली, त्याला उभ्या उभ्या सुट्टी दिली, तर ‘बाईमाणूस, लगेच विरघळली.’ आधीचे सीओ याहून कडक होते. त्यांना सगळे ‘शेर’ म्हणत.

सुभेदार मेजर (युनिटमधले सगळ्यांत वरिष्ठ सुभेदार) सुट्टीवर असताना त्यांचं काम हे सुभेदार पाहत होते. एक दिवस मॅडमनी त्यांना ऑफिसात बसवून विचारलं, ‘साहब, जवान मेरे बारे में क्या कहते हैं?’ त्यांनी उत्तर दिलं, ‘सब ठीक है, मॅडम.’ त्याला तीन आठवडे झाले. ते लिहितात: ‘आधीच्या साहेबांशी मी रविवारी व्हॉलीबॉल झाल्यावर जेसीओ मेसमध्ये (आम्हा सुभेदार मंडळींच्या मेसमध्ये) मनमोकळं बोलायचो. मॅडमना वाईट वाटेल म्हणून खोटं बोललो. आता खरं सांगू का? जवान गावाकडचे, त्यांना बाईच्या हुकुमाची सवय नाही. सवय झाली की गप्प बसतील असंही वाटतं. शिवाय माझं सुभेदार मेजरचं प्रमोशन तोंडावर आलंय. आणि मनातलं सांगायचं तर मलाही त्या जरा जास्तच कडक वाटतात. माझं चुकतंय का?’

*

सुभेदारसाहेब, जय हिंद.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी नंतर येते. त्याआधी पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडखळले. ‘मॅडमना वाईट वाटेल म्हणून खोटं बोललो.’

आधीच्या सीओंना रविवारी संध्याकाळी तुम्ही काय काय सांगत असाल, याची मला कल्पना आहे. लंगरची डाळ पातळ झालीय, अमुक अधिकारी पोरांना तोडून बोलतो, परवाच्या सैनिक संमेलनात तुम्ही जे बोललात ते जवानांना लागलंय. त्यांनाही ऐकताना वाईट वाटलंच असेल. तरी तुम्ही सांगितलंत, कारण सीओपर्यंत खरं पोचलं नाही तर काय होतं हे तुम्ही २४ वर्षांत पाहिलंय. मग या वेळी, त्यांनी स्वतः होऊन विचारलेलं असताना, तुमची जीभ का अडली?

मला वाटतं, तुम्ही त्यांना जपलंत. आपल्याकडे बाईमाणसासमोर जपून बोलायचं, कडू गिळायचं, असं लहानपणापासून शिकवलं जातं, आणि घरात ते शोभतंही. पण सीओच्या ऑफिसात तेच संस्कार घेऊन गेलं की त्याचा अर्थ बदलतो. आधीच्या साहेबांना तुम्ही सत्य पेलणारा माणूस समजत होतात. मॅडमना ते पेलणार नाही, असं तुम्ही त्यांच्या वतीनं ठरवून टाकलंत. लंगरमधले जवान त्यांना कठोर म्हणून हिणवतात आणि तुम्ही त्यांना नाजूक समजून गप्प बसता. दोन्हीकडे त्यांना मापायची काठी आधीच्या साहेबांपेक्षा वेगळीच आहे. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण तुम्ही ते पेलाल याची मला खात्री आहे, म्हणून लिहिते आहे.

आता ती कुजबुज. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी मी एका कागदावर लिहिल्या आणि मॅडमच्या जागी आधीच्या सीओंना घातलं. रात्री दोनला गार्ड चेक करणारा सीओ: ‘साहेब झोपत नाहीत, युनिट मुठीत आहे.’ सुट्टी पुढे ढकलणारा: ‘नियमाला पक्का.’ अडलेल्या बाईच्या नवऱ्याला ताबडतोब घरी पाठवणारा: ‘वरून कडक, आतून बाप माणूस.’ काम तेच, वेळ तीच. नाव बदलताच तिन्ही दोषांचे गुण झाले. मॅडमच्या बाबतीत तर सुट्टी दिली तरी दोष आणि नाही दिली तरी दोष. ज्या परीक्षेत दोन्ही उत्तरं चुकीची ठरतात, तिथे उत्तर देणाऱ्यापेक्षा परीक्षा तपासावी लागते.

हे काही आपल्याच फौजेचं दुखणं नाही. अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला नौदलाची अकादमी आहे. तिथल्या ४,००० हून अधिक प्रशिक्षणार्थींची ८१,००० मूल्यमापनं तपासणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल्यमापन करणाऱ्यांना गुणदोषांची ८९ विशेषणं दिलेली होती, त्यातून निवडायचं. अभ्यासातले गुण, शारीरिक चाचण्या, एकूण क्रमवारी, यांत मुलं आणि मुली यांच्यात फरक नव्हता. चांगली विशेषणंही दोघांच्या वाट्याला सारख्याच संख्येनं आली. फरक पडला तो दोषांत: मुलींच्या वाट्याला ते जास्त आले. मुलग्यांसाठी सगळ्यांत जास्त वापरलेलं चांगलं विशेषण होतं ‘विश्लेषण करणारा’, मुलींसाठी ‘कनवाळू’. वाईटातलं मुलग्यांसाठी ‘गर्विष्ठ’, आणि मुलींसाठी ‘अकुशल’. या शेवटच्या जोडीवर जरा थांबा. गर्विष्ठ म्हणणं हा दोष खरा, पण त्यात माणूस काही तरी आहे हे गृहीत असतं. अकुशल म्हटलं की माणसाचा कामावरचा हक्कच काढून घेतला जातो. त्याआधी २००१ मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या कॅडेट कोअरमध्येही असंच दिसलं होतं. प्रत्यक्ष कामगिरीच्या मोजमापात फरक नाही, पण नेतृत्वाचे गुण कोणात आहेत असं विचारलं की बोटं मुलग्यांकडे.

माझं स्वतःचं एक सांगते. १९९२ मध्ये सैन्यात स्त्री अधिकाऱ्यांची खास भरती सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी मीही चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडले आणि एका सप्लाय डेपोत जाऊन पोचले. तिथे एका आठवड्यात मी ठेकेदाराची भाजी परत पाठवली आणि माझ्याच कोर्सच्या एका लेफ्टनंटनं आट्याची खेप नाकारली. जवानांनी दोघांचंही कौतुक केलं. त्याच्याबद्दल म्हणाले, ‘साहब रूल के पक्के हैं.’ माझ्याबद्दल म्हणाले, ‘मॅडम को रसोई की समझ है.’ मी ज्या स्पेसिफिकेशनचा कागद हातात धरून ती भाजी तपासली होती, तो कोणाला दिसलाच नाही. कौतुकातसुद्धा मला डेपोतून उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं. प्रेमानं म्हणाले होते ते. म्हणूनच त्यावर काय बोलावं, ते मला कित्येक दिवस कळलं नाही.

त्याच डेपोत कोकणातले एक सुभेदार होते. एका संध्याकाळी स्टॉक रजिस्टर बंद करताना ते म्हणाले, ‘मॅडम, आप डाँटती हैं सबके सामने, और शाबाशी देती हैं अकेले में.’ बस, एवढंच. मी कडक आहे की मऊ, बाई आहे की अधिकारी, याबद्दल चकार शब्द नाही. मी काय करते ते सांगितलं आणि रजिस्टर उचलून गेले. मला राग आला, रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी फॉल-इनला मी पहिल्यांदा एका स्टोअरमनचं नाव घेऊन सगळ्यांसमोर त्याला शाबासकी दिली. नोकरीत मला अनेक वरिष्ठांनी शेरे दिले. त्या सुभेदारांच्या एका वाक्याइतका माझ्या कामी आलेला शेरा मला आठवत नाही.

म्हणून ‘खरं सांगू का’ या तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर आहे: सांगा. पण काय सांगायचं ते आधी निवडा. जवान तुम्हाला खबऱ्या म्हणून पाहू लागतील असं काही करू नका. ‘लंगरमध्ये तुम्हाला निर्दय म्हणतात’ हे सांगून मॅडमच्या हाती काय लागणार? निर्दय नसावं म्हणून त्यांनी काय करायचं, गार्ड चेक करणं सोडायचं? आणि कोण म्हणालं याचा शोध सुरू झाला तर दोन पोरं हकनाक भरडली जातील. विशेषणं लंगरमध्येच राहू द्या. घडलेली गोष्ट तेवढी ऑफिसात घेऊन जा.

आणि इथेच तुमच्या पत्रातली एक जागा मला मोठी वाटते. हवालदाराची सुट्टी का पुढे ढकलली, याचं कारण तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्यासारख्या बारकाईनं लिहिणाऱ्या माणसानं ते वगळलं असेल असं वाटत नाही. मला वाटतं, ते तुम्हाला माहीतच नाही, आणि त्या हवालदारालाही नाही. इन्स्पेक्शन होतं? सुट्टीवरच्या जवानांची टक्केवारी आधीच भरली होती? त्याच्या ट्रेडचा दुसरा माणूस युनिटमध्ये नव्हता? काही तरी असणारच. कारण कळलं नाही की माणूस ते स्वतः बनवतो, आणि बनवताना हाताशी जे असतं ते वापरतो. आधीच्या साहेबांनी कारण दिलं नसतं तर जवानांनी ‘वरून काही तरी ऑर्डर असेल’ असं स्वतःच बनवलं असतं. मॅडमच्या बाबतीत हाताशी ‘बाई’ आहे, म्हणून तेच वापरलं जातं. पण कारण न सांगणं ही मॅडमची खरी चूक असू शकते, आणि ती त्यांना कळलीच पाहिजे. ‘मॅडम, हवालदाराच्या सुट्टीचं कारण रोल कॉलला पोचलं नाही’ हे वाक्य आधीच्या साहेबांनाही तुम्ही असंच्या असं सांगितलं असतं ना? मग ते बरोबर वाक्य आहे. नाव झाकून बघायचं. नाव झाकल्यावरही तक्रार उभी राहिली तर ती घेऊन जायची, कोसळली तर सोडून द्यायची.

म्हणजे मॅडम चुकूच शकत नाहीत असं मी म्हणते आहे का? मुळीच नाही. त्या चुकत असतील. उद्या माझ्या या सदराचा हवाला देऊन कोणी ‘महिला अधिकाऱ्याबद्दल तक्रार करायची नाही’ असं म्हणू लागलं तर मला ते अजिबात मान्य नाही. वाईट सीओ बाई असू शकते, आणि तिच्या हाताखाली पोळणाऱ्या जवानाला तसं म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की ती त्या एकीची चूक राहू द्या. २०२४ मध्ये पूर्वेकडच्या एका कोअर कमांडरनी आपल्या हाताखालच्या ८ महिला कमांडिंग ऑफिसरांबद्दल लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रांत आलं होतं, तुम्ही वाचलं असेल. आपसातले संबंध बिघडणं, तक्रारी करण्याची सवय, समजून घेण्याची कमतरता, असे ठपके त्यात होते. त्यातले काही एकेकीच्या बाबतीत खरे असतीलही, मी कोण नाही म्हणणार? पण ८ पुरुष सीओ चुकले, तर त्या आठांची नावं घेतली जातात. पुरुषांना कमांड झेपते का, असा प्रश्न त्यातून कोणी काढत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी, कारण आतून ती दिसत नाही. आज कर्नल होऊन युनिट सांभाळणाऱ्या या स्त्रियांच्या नोकरीची पहिली कित्येक वर्षं ‘यांना कमांड मिळणारच नाही’ हे धरून चाललेली होती. स्त्री अधिकाऱ्यांना कमांडची वाट मोकळी करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १७ फेब्रुवारी २०२० ला. मार्च २०२१ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयानं नोंदवलं, की पुढे बढतीच नाही या समजुतीनं स्त्रियांचे वार्षिक गोपनीय अहवाल वर्षानुवर्षं निष्काळजीपणे लिहिले गेले. जानेवारी २०२३ मध्ये कर्नलच्या १०८ जागांसाठी खास निवड मंडळ बसलं, आणि तुमच्या मॅडमसारख्या अधिकारी युनिटवर आल्या. त्यांच्याबरोबरचा पुरुष अधिकारी कॅप्टन असल्यापासून मनात सीओ होत असतो. वरिष्ठ त्याला तसं वागवतात, बिअरच्या ग्लासाबरोबर चार युक्त्या सांगतात. मॅडमना हे सगळं ऐन वेळी शिकावं लागलं असेल. त्यांच्या कडकपणात थोडा परकेपणा असेल तर त्याचं मूळ इथे शोधता येतं. अशा सीओला खरं बोलणारा जेसीओ जास्तच लागतो.

आता ‘गावाकडचे जवान, त्यांना सवय नाही’ हे तुमचं म्हणणं. सुभेदारसाहेब, हे वाक्य तुमच्या आधी दिल्लीत सरकारनं सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं होतं. जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, तिथल्या सामाजिक रूढींमुळे स्त्रीची कमांड स्वीकारायला ते अजून मनानं तयार नाहीत, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयानं तो फेटाळला. मला मात्र त्यात दुसरीच गोष्ट खुपली. तुमच्या नावानं, तुमच्या गावाच्या नावानं एवढं मोठं विधान झालं, आणि तुम्हाला कोणी विचारलं होतं? २०२० च्या त्याच निकालात कर्नल सोफिया कुरेशींचा उल्लेख आहे. २०१६ मध्ये आपल्या पुण्यात १८ देशांचा लष्करी सराव झाला, तेव्हा भारताच्या ४० जणांच्या तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. तिथल्या जवानांनी त्यांचे हुकूम पाळले. तेही कुठल्या ना कुठल्या गावाचेच होते.

गावाचं म्हणाल तर पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या एका अभ्यासाची आठवण होते. तिथे काही सरपंचपदं स्त्रियांसाठी राखीव होती, पण कुठली गावं ते सोडतीसारखं ठरलेलं. संशोधकांनी गावकऱ्यांना सरपंचाचं एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. ज्या गावांनी बाई सरपंच कधी पाहिलीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या सरपंचाला कमी गुण दिले. ज्या गावांनी ती पाहिली होती, तिथे हा फरक मावळला. आणि गंमत बघा, सरपंच पुरुषच असावा ही आवड मात्र पुरुषांमध्ये तशीच राहिली. आवड तीच, पण मोजमाप सरळ झालं! मला ही फार आशेची गोष्ट वाटते. जवानांना मॅडम आवडायलाच हव्यात असा काही नियम नाही. आधीचे सीओ तरी कुठे सगळ्यांना आवडत होते?

आपल्या महाराष्ट्रात तर पंचायतींमध्ये निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. तुमच्या युनिटमधली मराठी पोरं बाई सरपंच बघतच मोठी झालीत. अर्थात काहींनी सरपंचबाईंच्या खुर्चीत बसलेला नवराही बघितलाय, आणि तोही एक धडाच असतो.

पण नुसती सवय होऊन भागेल का? नॉर्वेच्या सैन्यात एक प्रयोग झाला. नव्या रंगरुटांच्या काही पथकांत मुली घातल्या, काहींत नाही, आणि हेही सोडतीनंच ठरवलं. आठ आठवडे एकाच खोलीत राहायचं, एकत्र ट्रेनिंग. शेवटी मुलींबरोबर राहिलेल्या मुलग्यांमध्ये ‘मिश्र पथक तितकंच चांगलं किंवा जास्त चांगलं काम करतं’ असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा १४ टक्केबिंदूंनी जास्त होतं, आणि मुलग्यांचं ट्रेनिंगमधलं समाधान किंवा सैन्यात राहण्याचा इरादा काही कमी झाला नव्हता. मात्र पुढे पांगापांग झाली, सहवास संपला, तेव्हा सहा महिन्यांत हा फरक विरून गेला. म्हणून ‘वेळ गेला की होईल’ यावर मी विसंबणार नाही. मॅडमची कमांड संपेल, त्या जातील, आणि तुमच्या युनिटच्या आठवणीत ‘एक होती, फार रगडायची’ एवढंच उरेल. पुढच्या महिला सीओला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मग रोजच्या व्यवहारात काय करता येईल? लंगरमध्ये उभं राहून जवानांना भाषण देऊ नका. पोरं ‘जी साहब’ म्हणतील आणि कुजबुज पुढच्या बॅरेकमध्ये सरकेल. दोन साध्या गोष्टी करून बघा. एक तर हुकूम खाली देताना ‘मॅडम ने बोला है’ म्हणणं बंद करा. आधीच्या वेळी तुम्ही ‘सीओ साहब का हुक्म है’ म्हणत होतात ना? आताही ‘सीओ का हुक्म है’ म्हणा. मॅडम समोर असताना ‘मॅडम’ म्हणणं ठीकच आहे, पण हुकूम पदाच्या नावानं खाली जाऊ दे. ‘मॅडमनी सांगितलंय’ असं जरा खांदे उडवून सांगितलं की ऐकणारा समजतो, साहेबांचंही मन यात नाही. हे तुमच्या हातून कळत-नकळत होतं का, ते पुढच्या आठवड्यात स्वतःकडे लक्ष ठेवून बघा.

दुसरं, तुमच्या कानावर तसं काही पडलं तर एकच प्रश्न विचारा: ‘शेर साहब ने किया होता तो क्या बोलता?’ उत्तराची वाट बघू नका, पुढे चालू लागा. गंभीर चेहऱ्याचा एक सीनियर जेसीओ हा प्रश्न चार-पाच वेळा विचारतो, तेव्हा तो बॅरेकमध्ये राहायला येतो. एखादी शेरेबाजी मात्र अश्लीलतेकडे गेली, तर तिथे प्रश्नबिश्न विचारायचा नाही. तिथे तुमचा आवाज चढला पाहिजे. त्याची कार्यपद्धत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे.

सगळ्यांत कठीण भाग तुम्ही एका वाक्यात उरकलाय: व्हॉलीबॉलनंतरची जेसीओ मेस. फौजेतलं खरं बोलणं ऑफिसात कमी आणि खेळाच्या मैदानाच्या कडेला, पेगच्या ग्लासावर जास्त होतं. त्या जागा पुरुषांनी पुरुषांसाठी घडवलेल्या. मॅडम तिथे येऊन बसत नाहीत. बसल्या तर त्याचीही चर्चा होईल. म्हणजे आधीच्या साहेबांना जी माहिती दर रविवारी आपसूक मिळत होती, ती मॅडमना मिळायची वाटच नाही. त्यांनी तुम्हाला बोलावून थेट विचारलं ते बहुधा म्हणूनच. किती अवघडून विचारलं असेल, याचा विचार करा. नव्या सीओनं आपल्या जेसीओला ‘माझ्याबद्दल काय म्हणतात’ असं विचारायला धीर लागतो. मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही विचारू शकले नाही. त्या कोकणातल्या सुभेदारांनी आपण होऊन सांगितलं, म्हणून निभावलं.

तेव्हा दुसरी वाट काढा. त्या लंगरचं जेवण तपासायला येतात, किंवा वर्कशॉपची फेरी घेतात, तेव्हा बरोबर चाला. लोकांच्या नजरेसमोर, चालता चालता दहा मिनिटं बोलता येतं, आणि त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. सुभेदार मेजर परत आले असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या. हे काम मुळात त्यांचं आहे, आणि त्यांना वगळून तुम्ही सीओच्या कानाशी लागलात असं होता कामा नये. तेच जर कुजबुजीत सामील असले तर मात्र तुमची जबाबदारी वाढते.

प्रमोशनची भीती मी हलकी मानत नाही. २४ वर्षांच्या नोकरीनंतर सुभेदार मेजरचं पद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. अपमानास्पद काही बोललात तर धोका आहे, पण मी सुचवते आहे तसं घटनेला धरून बोललात तर मला तो फार वाटत नाही. उलट गप्प राहण्यातही धोका असतोच. उद्या काही चिघळलं आणि मॅडमना कळलं, की त्यांनी थेट विचारलं तेव्हा तुम्ही ‘सब ठीक है’ म्हणाला होतात, तर? तरीही प्रमोशन अगदी या महिन्याच्या बोर्डावर असेल आणि तुम्ही थोडं थांबायचं ठरवलंत, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. तोवर जवानांच्या बाजूचं काम करायला कोणाची परवानगी लागत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. पोलीस ठाण्यात, एसटी डेपोत, बँकेच्या शाखेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत जिथे जिथे साहेब बाई आहे, तिथे हाताखालची माणसं तिला रोज मनात गुण देत असतात. आता काही ठिकाणी ते गुण कागदावरही उतरू लागले आहेत. भारतीय नौदलानं २०२४ मध्ये हाताखालच्यांचं आणि बरोबरीच्यांचं मतही विचारात घेणारी मूल्यमापनाची पद्धत जाहीर केली. पद्धत चांगली आहे, पण त्यामुळे आपली फूटपट्टी सरळ असण्याची गरज वाढते. आपल्या साहेबांबद्दल लिहाल तेव्हा आधी घडलेली गोष्ट लिहा, तारखेसकट, आणि विशेषण शेवटी. पुष्कळदा विशेषण लिहायची गरजच उरत नाही. हे मी स्त्रियांनाही सांगते. माझ्या हाताखाली आलेल्या पहिल्या महिला लेफ्टनंटला मी जितकं तासलं, तितकं कुठल्या मुलग्याला तासलं नाही. ‘हिच्यामुळे आपलं सगळ्यांचं नाव जाईल’ अशी धास्ती मला होती. तिनं त्याबद्दल मला कधी ऐकवलं नाही, आणि मी अजून तिची माफी मागितलेली नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्या तुम्हाला जास्तच कडक वाटतात, तर तुमचं चुकतंय का? वाटण्यावर आपला ताबा नसतो, साहेब. त्या वाटण्याला घेऊन तुम्ही तीन आठवडे बेचैन राहिलात आणि एका अनोळखी बाईला एवढं मोठं पत्र लिहिलंत. ज्याचं मोजमाप पुरतं वाकडं झालंय, तो माणूस असं करत नाही. त्या खरोखर जास्त कडक आहेत की नाहीत, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्ही मात्र तपासू शकता. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी किती सुट्ट्या नाकारल्या, किती जणांना शिक्षा दिल्या, हे युनिटच्या कागदात आहे. आधीच्या सीओंचे पहिले आठ महिनेही तिथेच आहेत. दोन्ही शेजारी ठेवून बघा. आकडा मॅडमकडे झुकला, तर तोही त्यांना सांगायच्या गोष्टींत घाला.

पहिलं वाक्य अवघड जातं, म्हणून ते लिहून देते. ‘मॅडम, उस दिन आपने जो पूछा था, उसका जवाब मैंने ठीक नहीं दिया. दस मिनट चाहिए.’ मग हवालदाराच्या सुट्टीपासून सुरुवात करा. त्याला कारण अजून कळलेलं नाही, आणि तो घरी जायची वाट बघतो आहे.